उंबऱ्याच्या अलीकडचा हंबीरराव

आमच्या गावात मेलेला माणूस परत आला, ती गोष्ट लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. गाव कऱ्हाड आणि विट्याच्या मधलं. नकाशावर माशी बसली तर सबंध झाकून जाईल एवढं. त्या साली ऊन असं होतं, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या आणि बायका ती नुसती सोलून पोरांच्या हातावर ठेवायच्या. ज्याला खोटं वाटेल त्यानं वैशाखात आमच्या शिवारात घटकाभर अनवाणी उभं राहावं आणि मग काय बोलायचं ते बोलावं.

मेलेला म्हणजे हंबीरराव. फौजेतला गडी. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलती रंगूबाईनं त्याला वाढवला. त्याचं लग्न झालं, जेमतेम पंधरवडा घरात राहिला, आणि बोटीत बसून सिंगापूरला गेला. सिंगापूर पडलं. मग बऱ्याच दिवसांनी तार आली, की हंबीरराव लढाईत कामास आला. आता फौजेत हंबीरराव काय, पायलीला पन्नास. पडला होता कुठला तरी दुसराच, आणि तार आमच्या गावाला आली. पण तारेपुढं कोण बोलणार? रंगूबाईनं ऊर बडवून घेतला. बायकांनी अंजनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बांगड्या फोडल्या आणि कुंकू पुसलं. भावकीनं दर्भाचा पुतळा करून ओढ्याकाठी जाळला.

दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडून आम्ही सगळे लांब बसलेलो. कावळे येत, बाभळीवर बसत, पिंडाकडं मान वाकडी करून बघत आणि उडून जात. मग रीतीप्रमाणं एकेकानं उठून मेलेल्याची राहिलेली इच्छा बोलून दाखवायला सुरुवात केली. एकजण म्हणाला, तुझा खिलारी बैल विकणार नाही. दुसरा म्हणाला, तुझ्या नावानं तालमीत लाल माती टाकू. तिसरा म्हणाला, अंजनाला अंतर देणार नाही. कावळा जागचा हलेना. ऊन कललं. भुकेली माणसं कावळ्याकडं अशा नजरेनं बघायला लागली, की उलट तोच भ्याला. शेवटी दर्भाचाच कावळा केला, पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला पळाले. माणूस जिवंत आहे म्हणून कावळा शिवत नाही, ही साधी गोष्ट त्या पाखराला कळली होती. आम्हाला नाही.

आणि मग जपान्यांच्या कैदेतून माणसं सुटली, आणि एका दुपारी हंबीरराव वेशीतून चालत आला. हाडांवर कातडं वाळत घातल्यासारखा. तोंड काविळीच्या माणसासारखं पिवळं. डोळ्यांना उजेड सोसत नव्हता म्हणून डोक्यावरून घोंगडं ओढलेलं. तो चालला की पावलाचा आवाज येत नसे. आवाज यायला अंगात वजन लागतं. पाराखाली झोपलेली कुत्रीसुद्धा उठली नाहीत.

तो सरळ आपल्या दारात गेला. रंगूबाईनं त्याला ओळखला. ओळखला आणि दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहिली. मेलेला उंबरा ओलांडून आत आला की घरातला एक जिता बाहेर जातो, असं ती म्हणाली. म्हणताना ढसाढसा रडत होती, पण हात काही काढले नाहीत. आत माजघरात अंजना होती. तिनं त्याला बघितलं की नाही, कुणास ठाऊक.

प्रकरण चावडीवर गेलं. चावडीवर तात्याबा. गावातला जाणता माणूस. जाणता म्हणजे असा, की तो बोलायला लागला की लोक घरी जाऊन जेवून परत यायचे आणि तो अजून पहिल्याच मुद्द्यावर असायचा. तात्याबा बैलगाडी जुंपून कऱ्हाडला भटजींकडे गेला आणि निर्णय घेऊन आला. ज्याचे दिवस झालेत त्याला तसाच घरात घेता येत नाही. त्याला पुन्हा जन्माला घालायचा. मोठ्या भांड्यात तूप-पाणी भरायचं, त्यात त्याला मुटकुळं करून बसवायचा, मंत्र म्हणायचे, बाहेर काढायचा, बारसं करायचं आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तेवढं झालं की माणूस जिता.

गावाला हे पटलं. भांडं म्हणून गुळाची काहील ठरली. हंबीररावाएवढा माणूस त्यात आरामात मावला असता. पाळणा कुठून आणायचा आणि बारशाच्या घुगऱ्या कुणाच्या घरच्या, यावरून भावकीत दोन तट पडले. सगळं ठरलं, फक्त भटजी येईनात. एकदा त्यांचा पाय मुरगळला. एकदा सोयर. मग शुक्राचा अस्त. तात्याबा दर खेपेला गाडी जुंपायचा आणि पंचांगातली नवीन अडचण घेऊन परत यायचा. त्याचे बैल इतके शिणले, की कऱ्हाडचं नाव काढलं तरी बसकण मारायचे.

तोवर हंबीररावाला गावाबाहेरच्या गुऱ्हाळात ठेवला. हंगाम संपलेला, चुलवाण थंड, चिपाडांचा ढीग. तिथं तो सावलीत पडून असायचा. माझं रान गुऱ्हाळाला लागून, म्हणून त्याची भाकरी मी न्यायचो. अंजना फडक्यात बांधून द्यायची. देताना कधी निरोप नाही, काही नाही. एकदाच मला थांबवून तिनं विचारलं, की जेवतात का. मी म्हणालो, अर्धी खातात, अर्धी बोचक्यात लपवतात. कैदेतली खोड. दुसऱ्या दिवसापासून फडक्यात एक भाकरी जास्त यायला लागली.

हंबीरराव मात्र रोज एकच विचारायचा, "नाथा, घरात कवा घेत्यात रं?"

मी काहीतरी थाप मारायचो. माझा धंदाच तो. भटजी अर्ध्या वाटंवर आल्यात, गाडीचं चाक निखळलंय, एवढं बसवलं की आलेच. तो ऐकून घ्यायचा. रागावायचा नाही, शिवी द्यायचा नाही. ते जास्त वाईट. जो गडी पूर्वी तालमीत कुणाचं ऐकून घेत नव्हता, तो आता कुणीही काहीही सांगितलं तरी "चालतंय" म्हणायचा. एक दिवस चिपाडात पडल्या पडल्या तो म्हणाला, "लय दमलोय गड्या. जेवाया नगं, मान नगं. एकदा आपल्या घरात पाठ टेकायची हाय. मग मेलो तरी चालंल."

त्याच सुमाराला कोल्हापूरची सिनेमा कंपनी गावात उतरली.

कंपनीचे मालक, लेखक, दिग्दर्शक सगळं एकच माणूस, नानासो. डोक्यावर सोला टोपी, आवाज बारीक, चेहऱ्यावर जागरणं. त्यांनी आजवर देवांचे बोलपट काढलेले. देव सगळीकडे पावले, नानासोंना काही पावले नाहीत. म्हणून यंदा त्यांनी भूत धरलं होतं. पारावर बसून त्यांनी आम्हाला गोष्ट सांगितली. विलायतेत म्हणे एक जहागीरदार आहे; तो मेलाय पण मरत नाही. दिवसा पेटीत झोपतो, रात्री उठून माणसांचं रक्त पितो.

ढेकूणसुद्धा हेच करतो, त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही, असं कुणीतरी मागून म्हणालं.

नानासो म्हणाले, मूळची गोष्ट तशी आहे, पण आपण तिचा शृंगार केलाय. आपल्या माणसाला रक्त नको, रडू पाहिजे. आपला जहागीरदार एक मराठा सरदार. लढाईत पडला, पण लाडकीला परत येण्याचा शब्द दिलेला, म्हणून मरण येईना. शेकडो वर्षं हिंडतोय. ती बाई पुन्हा जन्माला आलीय, त्याला ओळखत नाही. रक्त एकदाच, तेही तिच्या बोटाला काटा टोचतो तेव्हा थेंबभर. आणि मेलेल्याला एक अट. तो कुठल्याही घरात आपण होऊन शिरू शकत नाही. घरातल्या बाईनं स्वतःच्या तोंडानं "ये" म्हटलं, तरच उंबरा ओलांडता येतो.

ही अट ऐकून गावाला नानासोंबद्दल एकदम आदर वाटला. विलायतेतसुद्धा शास्त्र पाळतात म्हणायचं. फक्त तात्याबानं शंका काढली, की शेकडो वर्षं हिंडणारा माणूस दमत नसेल का. नानासोंनी मनातल्या मनात सगळी गोष्ट चाळून बघितली. त्यांच्या सरदारानं प्रेम केलं होतं, तलवार चालवली होती, गाणी म्हटली होती. दमला मात्र कुठंच नव्हता.

शूटिंग सुरू झालं. मला चंदेरी कागद चिकटवलेला फळा धरायचं काम मिळालं. सूर्य पकडायचा आणि नटाच्या तोंडावर सोडायचा. तिथं मला कळलं, की सिनेमातली रात्र रात्री काढत नाहीत. भर दुपारी कॅमेऱ्याच्या डोळ्याला तांबडी काच लावायची, की पडद्यावर चांदणं पडतं. म्हणजे ज्या सरदाराला उन्हाचा एक किरण लागला तर त्याची राख होणार, त्याला डोक्यावर सूर्य घेऊन दिवसभर उभा करायचा. त्याच्या अंगावर काळा पायघोळ झगा. कऱ्हाडच्या मोहिद्दीन शिंप्यानं छत्र्यांचं कापड उसवून शिवलेला. सरदाराचं काम करणारा नट कोल्हापूरचा, तूप-मटणावर पोसलेला, गालावर गुलाब फुललेले. तो मेलेला वाटेचना. चालायचा तो लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखा. तिसऱ्या दिवशी झग्यात उकडून तो आडवा झाला आणि त्याला कांदा फोडून हुंगवावा लागला. लांबून दिसणाऱ्या प्रसंगांसाठी बदली माणूस हवा होता.

नानासो वैतागून गुऱ्हाळाकडं सावलीला आले. चिपाडाच्या ढिगापाशी हंबीरराव घोंगडं पांघरून बसलेला. त्याचा चेहरा बघून नानासो दचकले. हा कोण म्हणून त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "त्यो मेल्याला हाय."

"मेलेला म्हणजे?"

"मेल्याला म्हंजे मेल्याला. दिवस बी घातल्यात. पर सरकारनं परत पाठिवलाय."

नानासोंनी टोपी काढली. मग हंबीररावाला जरा चालून दाखव म्हणाले. मेलेला माणूस कसा चालतो ते स्वतः दोन पावलं चालून दाखवायला लागले. हंबीरराव उठला, घोंगडं सावरलं आणि चुलवाणापासून बांधापर्यंत आपला जसा रोज चालायचा तसा चालला. खांदे पडलेले, नजर पायापुरती, पाय उचलायचा कंटाळा नाही पण घाई कशाची ती नाही. नानासो हळूच म्हणाले, असंच. ह्यापेक्षा काही जास्त करू नकोस. हंबीरराव म्हणाला, कैदेत सगळेच असे चालायचे.

बदली सरदार व्हायला त्यानं हो म्हटलं याचं मला नवल वाटलं. झगा खांद्यावर घेऊन आम्ही गावाकडं निघालो तेव्हा मी त्याला छेडलं, की आता नट होतोस होय, उद्या आम्हाला ओळख देशील का.

"घर कुणाचं घेतलंय शूटिंगला, ठावं हाय नव्हं?" तो म्हणाला. "माझंच. दारापत्तुर तर जाया मिळतंय."

आणि ते खरंच. सागवानी चौकट आणि दगडी पायऱ्या गावात त्याच घराला होत्या, म्हणून नानासोंनी तेच दार निवडलं होतं. तात्याबानं चावडीवर बसून परवानगी दिली, अट एकच. हंबीररावानं उंबऱ्याच्या अलीकडंच थांबायचं. पाऊल पुढं टाकायचं नाही. नानासो म्हणाले, काळजी नको, पुढचा आत शिरतानाचा भाग कोल्हापुरात घ्यायचाय, तिथं आमचा नट शिरेल.

मग नटीला ऊन लागलं. ती कपाळावर ओलं फडकं घेऊन पडली आणि पाणीसुद्धा तिच्या पोटात ठरेना. नानासोंना त्या दिवशी फक्त तिची पाठ हवी होती. दारात पाठमोरी उभी बाई, समोर पायऱ्यांखाली सरदार, ती हात उचलून त्याला आत बोलावते, बस्स. तोंड दिसायचं नव्हतं, आवाज नंतर भरायचा होता. गावातल्या कुठल्याही बाईची पाठ चालली असती. पण सवाष्ण बाई मेलेल्या माणसाला दारातून हात कसा करील? एकीचा नवरा म्हणाला नाही, दुसरीची सासू म्हणाली नाही. शेजारची अंबूबाई तयार होती, पण तिची पाठ चौकटीत मावेना. शेवटी तात्याबानं शास्त्र लावलं. सवाष्णीला दोष लागतो, विधवेला लागत नाही. तेव्हा विधवा उभी करा. आणि ह्या मेलेल्याची विधवा घरात आहेच की.

आता हे बोलताना तात्याबाच्या किंवा ऐकणाऱ्या कुणाच्या डोक्यात काही चुकतंय असं आलं असेल, तर ते डोकं माझं तरी नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम नियमाला बरोबर जुळत होता.

रंगूबाईनं थोडी कुरकुर केली, मग म्हणाली, पाठ फिरवून उभी राहू दे, त्याच्याशी बोलायचं नाही. अंजनाला कुणी विचारलं नाही. तिनंही कुणाला काही विचारलं नाही. चार वर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं. त्याचीसुद्धा सवय होते.

नटीच्या हिरव्या बांगड्या अंजनाच्या हातात चढेनात. त्या मऊ हातासाठी केलेल्या, हिचे खुरप्याचे हात. हात उचलल्यावर बांगड्या तर दिसायला हव्यात. म्हणून बांगडीवाल्या शकिलाला बोलावणं गेलं. मागं ज्या बांगड्या फोडल्या त्यासुद्धा शकिलानंच भरलेल्या. ती ओसरीवर बसली, अंजनाचा हात हातात घेतला, साबण लावून एकेक बांगडी चढवायला लागली. बांगड्या फक्त सिनेमाच्या आहेत, संध्याकाळी उतरवायच्यात, असं रंगूबाई दारातून सारखं बजावत होती.

शकिला मान वर न करता म्हणाली, "काकू, मला भरता येत्यात. उतरवायचं काम माझं न्हाई."

अंजना त्या बांगड्यांकडं बघत होती. आनंदानं नव्हे. बराच वेळ पाण्यात राहिलेला हात माणूस जसा बघतो, तशी.

भर दुपारी प्रसंग लागला. कॅमेऱ्याला तांबडी काच. माझा फळा उन्हाला. आत, दाराच्या काळोखात, अंजना आमच्याकडं पाठ करून. कॅमेरा घरात तिच्या मागं, मी खिडकीशी. तिच्या पलीकडं दार, पायऱ्या, उन्हानं पांढरं पडलेलं अंगण आणि अंगणाच्या टोकाला बोरीच्या झाडाखाली झगा घातलेला हंबीरराव. सगळं गाव अंगणाच्या गडग्याला टेकून. तात्याबा पायरीच्या कडेला, उंबऱ्यावर लक्ष ठेवून.

फिल्म महाग, म्हणून नानासो आधी नुसती तालीम घ्यायचे. त्यांनी हात केला. हंबीरराव बोरीखालून निघाला, अंगण तुडवत आला आणि पायऱ्यांपासून लांबच उभा राहिला. हजेरीला उभा राहिल्यासारखा, नजर जमिनीवर. नानासो म्हणाले, फार लांब, मागं जा, परत ये. तो मागं गेला, परत आला. आता जवळ आला, पण वर बघितलं नाही. मागं जा. परत आला, वर बघितलं, तर झगा पायात आला. मागं जा. मग ढग आला, म्हणजे ढगासारखं काहीतरी. एक घार असावी. मागं जा. प्रत्येक वेळी तो "चालतंय" म्हणायचा आणि बोरीखाली जायचा. त्याच्या ओठांना फेस सुकला होता. माझे हात आखडून गेले. गडग्यावरच्या माणसांनीसुद्धा माना खाली घातल्या. पहिल्यांदा हसत होती ती.

मी तिरका उभा होतो, म्हणून मला अंजनाचं तोंड दिसत होतं. दर वेळी तो दारात यायचा तशी ती बघत होती. एवढ्या महिन्यांत तिला तो कुणी दाखवला नव्हता. आता दाखवायचा आणि न्यायचा, दाखवायचा आणि न्यायचा.

शेवटी नानासोंना हवं तसं जमलं. त्यांनी खूण केली, कॅमेरा खरंच फिरायला लागला. हंबीरराव आला. पायऱ्यांशी थांबला. मान वर केली. आता अंजनानं हात उचलायचा होता.

तिनं हात उचलला नाही. तिथूनच मान न वळवता ती म्हणाली, "किती येळा त्येनला दारात आणताय आन माघारी धाडताय?"

नानासो कॅमेऱ्यामागून काहीतरी फुसफुसले. तिनं ऐकलं नाही. ती सरळ आमच्यातून वाट काढत स्वयंपाकघरात गेली. कॅमेरा रिकाम्या दाराचं चित्र घेत राहिला. ती आली तेव्हा एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं पायऱ्या उतरून तो तुकडा हंबीररावावरून ओवाळला आणि अंगणात भिरकावला. तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. फुफाट्यातले पाय, पाणी पडताच विरघळल्यासारखे दिसले.

"या आत," ती म्हणाली. "ऊन लय हाय."

रंगूबाई मधे आली. मेलेला आहे तो, एवढंच परत परत म्हणत होती.

"मेल्याली तर मी बी हाय, आत्याबाई," अंजना म्हणाली. "मेल्याला मेल्याचा कसला इटाळ?"

तसं बघितलं तर हे शास्त्राला धरूनच होतं. सगळ्यांनी तात्याबाकडं बघितलं. तात्याबानं तोंड उघडलं, पण बहुधा त्याला आपले बैल आठवले असावेत. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि प्यायला पाणी मागितलं.

हंबीरराव मात्र जागच्या जागी. कैदेत सांगितलेली रेघ ओलांडली की काय होतं ते त्यानं बघितलं होतं. तो हळूच म्हणाला, "तात्याबांनी उंबऱ्याच्या अलीकडं सांगितलंय."

"तात्याबांचा उंबरा पल्याडच्या आळीत हाय. ह्यो माझा हाय." मग म्हणाली, "या की आवं. मला बी बसायचंय. सकाळधरनं उभी हाय मी."

तो आला. उंबऱ्यावर पाऊल पडू नये म्हणून उचलून आत टाकलं, वळण लावलेल्या पोरासारखं. घर गडगडलं नाही, आढं पडलं नाही, घरातलं कुणी मेलं नाही. त्यानं सोप्यातल्या भिंतीला हात लावला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि खाली घोंगडं पसरायचं भान न ठेवता उघड्या जमिनीवर आडवा झाला. पाठ टेकली तशी त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. भरली गाडी उतारावरून खाली आल्यावर जसं जू करकरतं तसा. आणि झोपला.

झोपला तो झग्यासकट. नानासोंना झगा हवा होता. ऊन होतं तोवर अजून दोन रात्री काढायच्या होत्या त्यांना. ते अदबीनं सोप्याच्या तोंडाशी आले. अंजना खांबाला टेकून बसली होती, पाय पसरून. तिनं बोटानं त्यांना गप्प केलं आणि उठल्यावर या म्हणून सांगितलं. नानासो बाहेर जाऊन पायरीवर बसले. बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागला. त्या दिवशी गावात जो तो जिथं होता तिथं पेंगायला लागला, इतका सगळ्यांना शीण आला होता. गडग्यावर रांगेनं माणसं घोरत होती आणि त्यांच्या घोरण्यानं बोरीची बोरं गळत होती. वैशाखात बोरं कुठली, असं कुणी विचारेल. त्यानं विचारावं.

पुढं तो बोलपट सांगलीला लागला. आम्ही ट्रक भरून गेलो. पडद्यावर चांदण्या रात्री आमचं अंगण दिसलं, बोरीखालून सरदार आला, पायऱ्यांशी थांबून त्यानं मान वर केली, आणि समोरच्या बाईची पाठ. तेवढंच. लगेच कोल्हापूरचा गुलाबी नट आत शिरला आणि गाणं म्हणायला लागला. सांगलीच्या बायका रडल्या, आमच्या गावानं जांभया दिल्या. हंबीरराव आलाच नव्हता. आम्ही बोलवायला गेलो तेव्हा म्हणाला, तुम्ही बघून या, मी घरात बसतो.

पण ते नंतरचं. त्या दिवशी ऊन उतरलं, कंपनीची माणसं सामान आवरायला लागली, तरी तो उठला नव्हता. मी फळा परत करून सोप्याशी आलो. रंगूबाई तेव्हापासून अंगणात घराकडं पाठ करून बसली होती. आता ती उठली, आत आली, लांबून वाकून त्याच्याकडं बघितलं. मग जवळ आली. त्याच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं टिपला आणि हात आगीला लागल्यासारखा मागं घेतला. परत टिपला. मग गुडघ्यावर हात देत ती स्वयंपाकघरात गेली. भाकरीची काटवट सरकवल्याचा आवाज आला.

"अंजना," तिनं आतून विचारलं, "किती थापू गं?"

अंजना उठली नाही. खांबाला डोकं तसंच टेकलेलं.

"थापा चार जादा," ती म्हणाली. "उरल्या तर उरल्या."